जमादाराचा गुडघा

टीव्हीवरच्या मालिकेचं दुसरं पर्व वाईट निघालं म्हणून एखाद्या बाईने किती रडावं याला काही सुमार असतो. मी तो सोडला होता. अमरावतीच्या आमच्या घरात, शेजारी सासूबाई हरभऱ्याचे घाटे सोलत बसलेल्या असताना, मी पडद्यावर नाचणाऱ्या एका पोलीस जमादाराकडे पाहून हमसाहमशी रडले. सासूबाईंनी परात बाजूला सरकवली, रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि म्हणाल्या, "नाचू दे मुडद्याले. तू काहून रडून राहिली?" त्यांना कारण माहीत होतं. तरी त्या विचारतात. कोणी विचारलं की रडणं लवकर आटोपतं, असा त्यांचा अनुभव आहे.

ते कारण सांगायचं तर बाबांपासून सुरुवात करावी लागेल. माझे बाबा अकोल्याला एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. शाळेतून येताना मी स्टँडवरून यायचे तेव्हा भोंग्यातून त्यांचा आवाज ऐकू यायचा. दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा जाणारी गाडी फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी चढण्याची घाई करू नये. घरीही ते जवळपास तसेच बोलत. जेवण झालं आहे. दिवा मालवण्यात यावा. कोणा एकाला उद्देशून बोलणं त्यांना जमायचं नाही, ते आपले सगळ्या फलाटाला मिळून बोलायचे. आई त्यावर हसायची आणि उठून दिवा मालवायची.

मी लॅब टेक्निशियनचा कोर्स करायला अमरावतीला आले आणि इथेच लग्न करून बसले. आम्ही कुणब्याचे, तो बौद्धांच्या घरचा. याहून वेगळं कारण बाबांना लागलं नाही. मुलगा सरकारी नोकरीत आहे, सुपारीच्या खांडालाही शिवत नाही, विधवा आईला सांभाळतो, हे सगळं आईने त्यांना ऐकवून पाहिलं. मला त्यांनी एक अक्षर ऐकवलं नाही. आईलाच सांगितलं, की या घराचं दार तिच्यासाठी आता उघडायचं नाही. त्यांनी निदान मला शिव्या तरी द्यायच्या होत्या. शिव्या देणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

आई होती तोवर आमचं चोरून चालायचं. अमरावतीला देवीच्या दर्शनाला जाते, हे तिचं निमित्त. देवीला पाच मिनिटं आणि मला अख्खी दुपार. मग आई गेली, झोपेतच गेली. मी अकोल्याला धावत गेले आणि बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहिले. बाबांची आणि माझी नजरानजर झाली आणि ते हातातल्या घड्याळाकडे पाहायला लागले. भाऊ पुण्याहून आला होता. त्याने मला ऑटोपर्यंत सोडलं आणि म्हणाला, "थोडा वेळ जाऊ दे." पुण्यात राहून त्याला सबुरी आली होती. मला आली नाही.

त्याच वर्षी ती मालिका सुरू झाली, संध्याकाळी सातला. एका तालुक्याच्या गावातले शाळामास्तर एक दिवस सायकलवरून निघतात ते परत येत नाहीत. त्यांना शोधणारा एक म्हातारा जमादार. आणि मास्तरांची बायको, जिला गावात सगळे मास्तरीण म्हणतात. ती रोज पोलीस ठाण्यात येते आणि विचारते, "काही समजलं?" जमादार म्हणतो, "नाही. बसा. चहा घ्या." ती बसते, चहा घेते आणि निघून जाते. मागे ढोल नाही, ताशे नाहीत, चेहऱ्यावर तीन वेळा कॅमेरा नेणं नाही. रिकामा बाक दाखवायचा असेल तर नुसता रिकामा बाक दाखवायचे. माझ्या लॅबमध्ये रक्त द्यायला आलेली माणसंसुद्धा दंडाला पट्टा बांधलेला असताना त्या मास्तरांचं काय झालं असेल यावर बोलायची.

एका संध्याकाळी जमादार विहिरीकडे निघाला होता आणि माझा फोन वाजला. फोनच्या पडद्यावर अकोल्याचा नंबर. हा नंबर आई गेल्यापासून कधी दिसला नव्हता. मला वाटलं, शेजारच्या कोणाचा तरी फोन असणार, बाबांना काहीतरी झालं.

"तिकडे दिसून राहिलं का?" बाबांचा आवाज आला.

"काय?"

"सात वाजताचं. इकडे समदा पडदा निळा झाला. जमादार विहिरीकडे गेला होता."

"दिसते, बाबा."

"मंग काय चाललं?"

मी सांगायला लागले. जमादार विहिरीत वाकून पाहतो आहे. एकटाच आहे. दोर सोडतो आहे. दोराला काहीतरी लागलं. मधल्या जाहिरातींतही त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही, दोघं नुसते गप्प. भाग संपला तेव्हा ते म्हणाले, "बरं." आणि ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा बाबा माझ्याशी बोलले होते, आणि विषय होता विहीर.

दुसऱ्या दिवशी त्यांचा टीव्ही नीट चालत होता. तरी साडेसातला फोन आला. "जमादारानं दोर वढाले लय घाई केली," ते म्हणाले. मग रोजच यायला लागला. मी लॅबमधली संध्याकाळची पाळी बदलून घेतली. सातच्या आत घरी पोचायला मी जीव काढून स्कूटी चालवायचे. साडेसातला फोन वाजला की सासूबाई पदर झटकून आत जायच्या, नवरा काहीतरी आणायला म्हणून बाहेर पडायचा. कोणी तसं ठरवलं नव्हतं.

नियम मला चुकून कळला. एकदा मी विचारलं, "बाबा, तुमी वेळेवर जेवता का?" फोन कटला. पुढचे काही दिवस आलाच नाही. फोन आला की बोलायचं ते फक्त मालिकेवर, आणि फोन करायचा तो त्यांनीच. मी केला तर घंटी वाजून वाजून थांबायची.

मग मी शहाणी झाले. "जमादार काही शिजवते का, का तसाच झोपते?" मी विचारलं.

मग म्हणाले, "खिचडी टाकते. एकट्या माणसाले काय लागते."

मालिकेत जमादाराने कधी खिचडी टाकली नव्हती. त्याचं स्वयंपाकघर एकदाही दाखवलेलं नव्हतं. मी फोन ठेवून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

तेव्हापासून आमचं सगळं बोलणं जमादार आणि मास्तरणीतून व्हायला लागलं. जमादार ठाण्याचा जिना कठडा धरून चढायचा, त्याचा गुडघा दुखायचा. बाबा म्हणाले, "उजवा. थंडीत जास्तच धरते. लसणाचं तेल लावलं तरी फरक नाई." पडद्यावरचा जमादार डावा पाय ओढायचा. मीही सांगितलं, की मास्तरीण दिवसभर उभं राहून काम करते, थकते, पण घरची माणसं चांगली आहेत, सासू जीव लावते.

"सासू कुठून आली तिले?" बाबांनी विचारलं.

"हाये. दाखवत नाईत."

"बरं," ते म्हणाले. मला त्या एका शब्दावर आठवडा काढता आला.

अर्थात या भाषेला व्याकरण नव्हतं आणि मी एकदा तोंडावर आपटले. एके दिवशी बाबा म्हणाले, "जमादाराच्या छातीत दुखते वाटते." त्या भागात तसं काहीच नव्हतं. मी लगेच पुण्याला भावाला फोन केला, भावाने अकोल्यातल्या मित्राला पिटाळलं, मित्र बाबांना गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. ईसीजीच्या पट्ट्या काढल्या, रक्त काढलं, सगळं ठणठणीत. बाबा भावावर असे कडाडले, की म्हणे अवघ्या वॉर्डाला ऐकू गेलं. त्यांना फक्त जमादाराच्याच छातीबद्दल बोलायचं होतं, त्या नटाचा चेहरा तसा दिसत होता म्हणे. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "समदं आपल्यावर घ्याचं नाई." मी ओशाळले आणि मनातून फार खूश झाले.

पहिलं पर्व संपलं ते असं. विहिरीचं पाणी उपसलं, तळाशी सायकल निघाली, मास्तर नाही निघाले. शेवटच्या दृश्यात मास्तरीण ठाण्यात येते आणि विचारते, काही समजलं? जमादार पहिल्यांदाच नाही म्हणत नाही. म्हणतो, "बसा." इतकंच. मग काळ्या पडद्यावर अक्षरं आली, की दुसरं पर्व लवकरच.

त्या लवकरचं वर्ष झालं. मालिका नाही तर फोनही नाही. मी मधे भावाला विचारायचे, बाबा कसे आहेत, तो म्हणायचा, ठीक आहेत. काय म्हणाले? काही नाही, ठीक आहे म्हणाले. जमादाराचा गुडघा कसा आहे हे त्याला विचारून उपयोग नव्हता. मी दर आठवड्याला वाहिनीच्या पानावर जाऊन पाहायचे, तारीख आली का. माझ्याइतकी वाट त्या नटांच्या घरच्यांनीसुद्धा पाहिली नसेल.

फेब्रुवारीत दुसरं पर्व आलं. पहिल्या भागात जमादार एका मोठ्या घराण्याचा वारस निघाला. दुसऱ्या भागात तो बंगल्यात राहायला गेला आणि दिवाणखान्यात एवढं मोठं झुंबर. मास्तरणीचं काम दुसरीच बाई करायला लागली. ती झोपेतून उठायची तीही लिपस्टिक लावून. मास्तर परत आले, पण ते मास्तर नव्हतेच, त्यांचा जुळा भाऊ होता. तो गेला आणि जमादाराच्या तीन भावजया आल्या, तिघी तीन दिशांनी कारस्थान करणाऱ्या. ढोल आले, ताशे आले, कॅमेरा तीन तीन वेळा चेहऱ्यावर जायला लागला. पहिलं पर्व लिहिणाऱ्यांना हाकलून दिलं असावं, किंवा त्यांच्याच अंगात काहीतरी शिरलं असावं. लोक हसायचे. लॅबमध्ये तो विषयच निघेनासा झाला.

मला हसू येत नव्हतं. मी झुंबराखालच्या माणसाला खिचडीबद्दल काय विचारणार? त्याच्याकडे चार आचारी होते. बाबा फोन करायचे, पण काय बोलावं ते त्यांनाही सुचायचं नाही. "गर्दी लय झाली," म्हणायचे. "कोण कोणाची तेच समजत नाई." मी खोटं खोटं सांगायचे, की पुढे चांगलं होणार आहे, मी वाचलं आहे, आठ-पंधरा दिवस धीर धरा. मालिकेची वकिली मी करत होते आणि मला त्याचा एक पैसा मिळत नव्हता. साडेसातचं बोलणं आटत आटत दोन वाक्यांवर आलं. मी रोज सात वाजता देवाजवळ बसावं तशी टीव्हीसमोर बसायचे, की आज तरी याला जुन्या घरी परत न्या रे. वाहिनीच्या पानावरही तेच लिहिलं, जमादाराला जुन्या घरी परत न्या, कळकळीची विनंती आहे. कोणीतरी खाली लिहिलं, ताई, मालिका आहे, जीवाला एवढं लावून घेऊ नका.

आणि मग एका भागात लग्नाची वरात निघाली आणि जमादार नाचला. दोन्ही गुडघे वाकवून, बसून, उठून, गरगर फिरून. हीच ती संध्याकाळ, सासूबाईंच्या हरभऱ्याची. रडून डोळे पुसत होते तोच फोन आला.

"त्याचा गुडघा कसा बरा झाला?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाई, बाबा."

"आप्रेशन दाखवलं का? मधात एखाददिवशी पाहाचं राहिलं असन."

"नाई दाखवलं."

"मंग नाचते कसा?"

मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. "आता पाहण्यात अर्थ नाई," ते म्हणाले. रागावून नाही म्हणाले. गाडी रद्द झाली की भोंग्यावरून जसं सांगायचे तसंच.

त्यानंतर फोन यायचा थांबला. होळी गेली, पाडवा गेला, उन्हं चढायला लागली. रोज साडेसात वाजायचे आणि मी फोन मांडीवर घेऊन बसायचे. सासूबाई सवयीने उठून आत जायच्या आणि थोड्या वेळाने तशाच परत येऊन बसायच्या. मी दोनदा नियम मोडून अकोल्याला फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली. मला चिडून चिडून वाटायचं, की मुंबईत कुठल्यातरी थंडगार खोलीत बसून कोणीतरी ठरवलं, म्हाताऱ्याला नाचवा, आणि इकडे माझा बाप गेला. जिवंत असलेला बाप गेला. हे सांगायचं तरी कोणाला? ऐकणाऱ्याने मला वेड्यात काढलं असतं.

नवरा म्हणाला, "आपण दोघं जाऊन येऊ. गाडी काढतो." मी म्हटलं, "तू आलास तर..." आणि थांबले. तो गॅलरीत गेला आणि वाळलेले कपडे एकेक करून काढायला लागला. त्या दिवशी मला बाबांचा इतका राग आला, की फोन आला असता तर मीच उचलला नसता. दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन पुन्हा मांडीवर होताच.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी तो वाजला. आधी नुसता कूलरचा घरघराट ऐकू आला. मग, "काय झालं आज?"

मी पडद्याकडे पाहिलं. आवाज बंद होता. तिन्ही भावजया मिळून चार मजली केक कापत होत्या.

"जमादार घरी परत आला," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

"जमादार घरी परत आला, बाबा. जुन्या घरी. बंगला सोडला त्यानं."

"काहून?"

"करमत नव्हतं."

"बरं केलं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "अन् गुडघा?"

"पुन्हा धरला. नाचल्यानं."

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी आलं. खोकला होता की हसू, कूलरमुळे समजलं नाही. फोन ठेवल्यावर मागे वळून पाहिलं तर सासूबाई दारात उभ्या. त्या आज आत गेल्याच नव्हत्या. म्हणाल्या, "आता सांगूनच राहिली त मास्तरणीची लिपस्टिक पुसून टाक पयले."

अशी मी मालिका लिहायला लागले, म्हणजे तोंडीच. सकाळी लोकांच्या दंडावर शीर शोधताना मी जमादाराच्या आजच्या भागाचा विचार करायचे. माझ्या पर्वात झुंबर नव्हतं. जमादाराच्या घराला हिरव्या रंगाचं दार होतं, दाराला लोखंडी कडी, समोर दोन पायऱ्या, आत भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो. अंगणात दाराच्या डाव्या बाजूला कडुनिंब.

"कडुनिंब नाई," बाबा म्हणाले. "पेरू हाये."

अकोल्याच्या आमच्या घराच्या डाव्या बाजूला कडुनिंब होता, मी त्याच्याच सावलीत वाढले. "हो," मी म्हटलं, "पेरूच." कडुनिंब कधी पाडला ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

एप्रिल सरता सरता वाहिनीने ती मालिका गुंडाळली. दोनच भागांत सगळ्यांचे गैरसमज दूर झाले, सगळे झुंबराखाली एकत्र उभे राहिले आणि सोमवारपासून सात वाजता स्वयंपाकाची स्पर्धा सुरू झाली. मी कोणाला काही बोलले नाही. साडेसातला फोन आला आणि मी सांगत राहिले. पडद्यावर बायका भरली वांगी सजवायच्या आणि मी अकोल्याला जमादाराचा भाग ऐकवायचे. आत कुठेतरी धाकधूक होती. बाबांनी टीव्ही लावला तर? पेपर वाचला तर? पण ती धाकधूक साडेसातपुरती मी बाजूला ठेवायचे.

मे महिन्यात माझा धीर संपला. रोज अर्धा तास बाप मिळतो आणि उरलेला दिवस नाही, हे मला सोसेना. त्या दिवशी मी मास्तरणीला जमादाराच्या घरी पाठवलं.

"जमादार किती दिवस ठाण्यात आला नाई," मी सांगितलं, "म्हणून मास्तरीण त्याच्या दाराशी आली. पायऱ्या चढली. कडी वाजवली. बाहेरूनच विचारलं, काही समजलं?"

कूलर घरघरत होता. अकोल्यात मेमध्ये कूलर हा घरातला एक माणूसच असतो, सगळ्यांत मोठ्याने बोलणारा. कितीही ऐकू येत नसलं तरी बाबा "मोठ्यानं" म्हणायचे, कूलर कधी बंद करायचे नाहीत.

"ते तर बंद झालं ना," बाबा म्हणाले.

मी उठून उभी राहिले.

"पेपरात आलं होतं. लय दिवस झाले."

लबाडी पकडली गेलेल्या पोरीसारखी मी फोन कानाला लावून उभी. आता हा शेवटचा फोन, एवढंच डोक्यात येत होतं.

"दार नाई उघडत तो," बाबा म्हणाले.

"काहून?"

"जमत नाई त्याले. एकडाव लावून घेतलं ना. मंग हातच जात नाई कडीवर."

"मंग तिनं काय करावं, बाबा? वापस जावं?"

"येणं सोडू नये तिनं," ते म्हणाले. "तो आयकते अंदरून." आणि ठेवला.

मी सासूबाईंना शब्द न् शब्द सांगितला. त्या बराच वेळ पदराने वारा घेत बसल्या. मग म्हणाल्या, "मांगं छातीत दुखते म्हणे तवाबी तू असंच समजली होती." तेच तर. ते जमादाराबद्दलच बोलत असतील तर? बंद पडलेल्या मालिकेचा शेवट एका म्हाताऱ्या प्रेक्षकाने सुचवला असेल, आणि मी ऊर फुटेस्तोवर त्यात माझं नाव शोधत असेन तर? समदं आपल्यावर घ्याचं नाई, हे त्यांनीच तर सांगितलं होतं.

तरी रविवारी मी निघाले. सासूबाईंनी डब्यात सांबारवडी भरून दिली, भरपूर कोथिंबीर कोंबलेली. "दार उघडलं त देजो. नाई त तूच खाजो, वापस आणजो नको," म्हणाल्या. नवऱ्याने स्टँडवर सोडलं आणि गाडी हलेपर्यंत उन्हात उभा राहिला. मूर्तिजापूरच्या पुढे खिडकीतून येणारा वारा भट्टीतला होता. अकोल्याला उतरले तेव्हा भोंग्यातून कोणा दुसऱ्याचाच आवाज सांगत होता, की प्रवाशांनी घाई करू नये.

भर दुपार. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. फाटक ढकललं. हिरवं दार आहे तिथेच होतं, रंगाचे पोपडे निघालेले. डाव्या बाजूला पेरू होता, माझ्या खांद्याएवढा, त्याच्या बुडाशी ओली माती. खिडकीतला कूलर घरघरत होता आणि शेजारच्या घरचाही.

मी कडी वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. आत भांडं ठेवल्यासारखा आवाज झाला आणि थांबला. म्हणजे बाबा घरात होते, जागे होते. बाबा, मी आले, असं म्हणायला तोंड उघडलं आणि ते शब्द बाहेर पडेनात. मग दुसरेच पडले.

"काही समजलं?" मी विचारलं.

आतून उत्तर नाही. नाही, असंही नाही. बसा, असंही नाही. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. घाम डोळ्यांत जात होता. परत फिरावं, गाडीत बसावं, आणि नंतर कधी साडेसातला फोन मांडीवर घ्यायचा नाही, असं अगदी ठरत आलं होतं. माझ्याकडे दुसरं काहीच उरलेलं नव्हतं, म्हणून मी पायरीवर बसले, डबा मांडीवर ठेवला, पाठ दाराला टेकवली आणि आजचा भाग सांगायला लागले. कूलरवर आवाज चढवून, जवळपास ओरडूनच. मास्तरीण दुपारच्या गाडीनं आली. लय ऊन होतं. जमादारानं दार उघडलं नाई, तरी ती पायरीवर बसली. पेरूले पाणी घालते तो, तिनं पाहिलं.

खिडकीतला घरघराट थांबला.

लाइट गेली असेल, मला वाटलं. अकोल्यात मे महिन्यात भर दुपारी कोणी आपल्या हाताने कूलर बंद करत नाही. मी शेजारच्या घराकडे कान दिला. शेजारचा कूलर चालूच होता.

मग आत फरशीवरून खुर्ची ओढत आणल्याचा आवाज आला. थांबत थांबत, उजवा गुडघा दुखणाऱ्या माणसाने ओढावी तशी. तो आवाज माझ्या पाठीपर्यंत आला आणि दारापाशी थांबला. कडी निघाली नाही. मी आवाज खाली आणला आणि पुढचं सांगायला लागले.